रजा मागायची की पैसे मागायचे

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करावं का, हा प्रश्न ज्यांच्या डोक्यात सहा महिन्यांहून जास्त घोळतोय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोकरीत पगार ठरलेला असतो आणि स्वतःच्या कामात नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. दोन्हीकडचं पाणी पिऊन झाल्यावर मला जाणवलेला फरक वेगळाच आहे. नोकरीत माणूस रजा मागतो आणि स्वतःच्या कामात पैसे मागतो. दोन्ही गोष्टी आपल्याच हक्काच्या, तरी दोन्ही मागाव्या लागतात. यांतलं कुठलं मागणं तुम्हाला जास्त बोचतं, यावर माझ्या मते निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा हिशेबाचा आहे, तो आधी उरकू.

दर काढताना होणारी चूक

पहिल्या वर्षात गळपटणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकलेले दिसतात. ते पगाराला कामाच्या तासांनी भागतात, येणारा आकडा थोडा वाढवतात आणि त्यालाच आपला दर म्हणतात.

पाच दिवसांचा आठवडा धरा. ३६५ मधून १०४ शनिवार-रविवार वजा केले की २६१ दिवस उरतात. दिवसाला ८ तास म्हणजे २,०८८ तास. नोकरीत या सगळ्या तासांचा पगार मिळतो. सणाच्या सुट्टीचा, तापाने झोपून राहिल्याचा आणि दुपारच्या कंटाळवाण्या बैठकीचासुद्धा. स्वतःच्या कामात आजारपण, सण आणि रजा मिळून २६ दिवस तरी जातात. २३५ दिवस राहिले, म्हणजे १,८८० तास. त्यांतला साधारण तिसरा हिस्सा दरपत्रकं बनवणं, बिलं, फोन, हिशेब, बिघडलेला संगणक आणि शेवटी न मिळालेल्या कामांच्या भेटी यांत जातो. बिल लावता येतील असे तास उरतात १,२०० च्या आसपास.

आता भागाकाराची वरची बाजू, म्हणजे पैसे. पगार १०० धरला, तर निवृत्तीची तजवीज आणि विमा यांचे १५, जागा, साधनं, इंटरनेट आणि हिशेबनीस यांचे १५, बुडीत बिलं आणि रिकामे आठवडे यांचे १० असे १४० मिळवायला हवेत. १४० भागिले १,२०० आणि १०० भागिले २,०८८ यांची तुलना केली की तासाचा दर जवळजवळ अडीचपट निघतो. हा आकडा ऐकून नवखा माणूस ओशाळतो. ‘एवढे कोण देणार?’ म्हणून दीडपटीवर थांबतो, आणि मग वर्षभर रात्री जागूनही खात्यात काही का उरत नाही, हे त्याला कळत नाही. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील. आठवड्याला सहा दिवस काम करणारे असाल तर भागाकार बदलेल, पण दोनपटीच्या खाली आलात तर कुठला तरी खर्च धरायचा राहिलाय असं समजा.

दरपत्रकं, फोन आणि भेटी यांत जाणारा वेळेचा तो तिसरा हिस्सा वाया जातो असंही नाही. बाजारातला प्रत्येक व्यवहार जुळवायलाच खर्च येतो: माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा. हा खर्च दर वेळी नको म्हणून माणसं एकत्र येऊन कंपनी काढतात, असं रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ मध्येच मांडलं होतं. नोकरीत हा खर्च मालक उचलतो आणि आपल्याला तो दिसतही नाही. राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो आपल्या अंगावर येतो.

साहेब एक, गिऱ्हाइकं पाच

‘साहेब नको’ म्हणून नोकरी सोडणाऱ्यांना लोक हमखास ऐकवतात, की एक साहेब सोडशील आणि पाच गिऱ्हाइकं गळ्यात पडतील. हे खरं आहे, पण अर्धंच. साहेबाच्या हातात तुमची शंभर टक्के मिळकत असते. पाच गिऱ्हाइकांत प्रत्येकाच्या हातात वीस टक्के. वीस टक्क्यांच्या माणसाला ‘हे जमणार नाही’ म्हणता येतं. शंभर टक्क्यांच्या माणसाला तेच म्हणायचं तर आदल्या रात्री झोप लागत नाही.

मात्र हे गणित आपोआप टिकत नाही, आणि ते कसं बिघडतं हे नीट पाहण्यासारखं आहे. एक मोठं गिऱ्हाईक मिळतं. पैसे वेळेवर देतं, कामही सतत देतं. मग छोट्यांना ‘पुढच्या महिन्यात बघतो’ सांगितलं जातं. दोन-तीनदा असं ऐकल्यावर छोटे दुसरा माणूस शोधतात. वर्षभरात मोठ्याचा वाटा सत्तर टक्क्यांवर जातो. त्यांच्याकडे नवा मॅनेजर येतो, तो आपल्या ओळखीचा माणूस आणतो आणि तुम्हाला एक गोड मेल येतो. म्हणजे या काळात तुम्ही नोकरीच करत होता. फक्त रजा, विमा आणि नोटीस पीरियड नसलेली. दर तीन महिन्यांनी एका कागदावर गिऱ्हाइकांची नावं आणि त्यांच्याकडून आलेले पैसे लिहा. पहिलं नाव चाळीस टक्क्यांच्या वर गेलं की नवं गिऱ्हाईक शोधायला आठवड्याचे चार तास राखून ठेवा, कामाने श्वास घ्यायला फुरसत नसली तरी. गिऱ्हाईक शोधायला लागल्यापासून पहिलं बिल निघेपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, त्यामुळे काम आटल्यावर शोधायला निघालेल्याला तेवढे महिने कोरडे काढावे लागतात.

वेळ

‘स्वतःचा वेळ’ हे स्वतःच्या कामाचं सगळ्यात फुगवून सांगितलेलं सुख. मुदत गिऱ्हाईकच ठरवतं, आणि रात्री अकराचा फोन साहेबाचा असो की गिऱ्हाइकाचा, वाजतो सारखाच.

एक फरक मात्र पक्का आहे. नोकरीत हात चालवणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम मिळतं. चार तासांत काम संपवणारा पाच वाजेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसतो किंवा शेजाऱ्याचं अडलेलं काम ओढतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत शहाणी माणसं मुद्दाम सावकाश काम करायला शिकतात. स्वतःच्या कामात दर तासाचा न सांगता कामाचा सांगितला, की वाचलेला वेळ आपला. तासाचा दर फक्त आपल्या वहीत असावा. गिऱ्हाइकाला तो कळला की तास मोजायचं काम तेच करू लागतं, आणि आपण सोडून आलेला साहेब मागच्या दाराने परत येतो.

‘बघू’

आता त्या बोचणाऱ्या गोष्टीकडे येतो.

नोकरीत रजा शिल्लक असते. शिल्लक म्हणजे आपली, पगारासारखी कमावलेली. तरीही ती घ्यायची तर अर्ज करायचा, कारणाचा रकाना भरायचा आणि थांबायचं. रजा नाकारली जाते असं नाही, बहुतेक वेळा मिळतेच. पण मधे ‘बघू’ नावाचा एक काळ असतो. मंगळवारी अर्ज केला, साहेब म्हणाले, ‘बघू, त्या आठवड्यात काय काय आहे.’ शुक्रवार गेला. पुन्हा विचारावं तर मागे लागल्यासारखं दिसतं, न विचारावं तर तिकिटं महागतात. घरी विचारतात, ‘ठरलं का?’ आणि चाळीस-पंचेचाळिशीचा, घर चालवणारा माणूस उत्तर देतो, ‘अजून काही बोलले नाहीत.’

यावर उपाय सांगतात तसे सगळे करून बघता येतात. अर्ज सहा आठवडे आधी द्या, आपलं काम कोण पाहील ते नावानिशी लिहा, हातातल्या कामांची एक पानी यादी जोडा, तोंडी न विचारता मेल करा. याने नकार कमी होतात हे मान्य. ‘बघू’ मात्र हटत नाही, कारण ते कुठल्या कामातून येत नाही. हो म्हणायचा अधिकार दुसऱ्याकडे आहे, यातून ते येतं. साहेब भला असला तरी ते येतं. किंबहुना भला साहेब जास्त वेळ ‘बघू’ म्हणतो, कारण त्याला कुणाचंच मन मोडायचं नसतं.

कुणाला हे वाचून वाटेल, एवढ्यासाठी कुणी नोकरी सोडतं का? कबूल. पुष्कळांना याचं काहीच वाटत नाही आणि त्यांनी ती सोडूही नये. मला वाटायचं.

‘पुढच्या आठवड्यात करतो’

दुसऱ्या बाजूलाही असंच एक वाक्य आहे: ‘पुढच्या आठवड्यात करतो.’ केलेल्या कामाचे पैसे मागताना घसा कोरडा पडतो. आपण उपकार मागतोय असं वाटतं. आणि ‘बघू’मध्ये निदान पगार चालू असतो, इथे घरभाडं थांबलेलं असतं. म्हणजे जात्या हे मागणं जास्त जड आहे. फरक एवढाच की याला इलाज आहे, आणि तो आपल्या हातात आहे. निदान ऐंशी टक्के दुखणं पद्धत लावल्याने जातं, असा माझा अंदाज.

काम सुरू करण्याआधी एक पानाचा कागद पाठवायचा. काय करणार, काय करणार नाही, किती दिवसांत, किती पैसे, ते किती टप्प्यांत, आणि दुरुस्त्या किती. ‘दोन वेळच्या दुरुस्त्या यात धरल्या आहेत, तिसऱ्या वेळेपासून वेगळा आकार’ हे एक वाक्य लिहिलं नाही तर काम संपतच नाही, आणि काम संपलं नाही तर शेवटचं बिलही निघत नाही. भांडणं बहुधा दरावरून होत नाहीत. ‘हे त्यात धरलेलंच होतं ना?’ यावरून होतात.

पैशांचे टप्पे ४०, ४० आणि २०. पहिले चाळीस टक्के हातात आल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक मधेच गायब झालं तरी तोवरचा खर्च निघावा, म्हणून चाळीस. दुसरे चाळीस निम्मं काम दाखवल्यावर. शेवटचे वीस अंतिम फाइल किंवा वस्तू ताब्यात देण्याआधी. ‘आमच्याकडे ॲडव्हान्सची पद्धत नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. आठवड्याभरात संपेल एवढंच छोटं काम आधी करून द्यावं, त्याचे पैसे किती दिवसांत येतात ते पाहावं, मग मोठं घ्यावं.

सगळ्यात जास्त पैसे अडकतात ते मात्र लबाडीने अडकत नाहीत, कारकुनीत अडकतात. काम देणारा माणूस आणि पैसे सोडणारा माणूस वेगळे असतात. काम देणारा खूश असतो, आणि बिल अकाउंट्सच्या ट्रेमध्ये पडून असतं कारण त्यावर परचेस ऑर्डरचा, म्हणजे कंपनीच्या खरेदीच्या मंजुरीपत्राचा, नंबर नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी विचारून घ्यायच्या: बिल नेमकं कुठल्या नावाने, त्यावर कुठले नंबर लागतात, आणि पैसे महिन्याच्या कुठल्या तारखेला सुटतात. समजा पैसे २५ तारखेला सुटतात आणि त्यासाठी बिलं १५ पर्यंतच घेतली जातात. तुम्ही १६ ला पाठवलेलं बिल पुढच्या महिन्यावर गेलं. कुणी काही वाईट केलेलं नसतानाही एक महिना गेला. बिल त्याच दिवशी पाठवणं ही टापटीप नाही, तो रोकडीचा प्रश्न आहे.

मग आठवण. मुदतीच्या तीन दिवस आधी एक, मुदत उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी, सातव्या दिवशी फोन, आणि पंधराव्या दिवशी काम थांबवल्याचा निरोप. शब्द साधे: ‘बिल क्रमांक ४७ ची मुदत काल, १८ तारखेला संपली. पैसे कुठल्या तारखेला जमा होतील ते कळवावे. बिल सोबत पुन्हा जोडले आहे.’ यात ‘तसदीबद्दल क्षमस्व’ नाही, ‘जमलं तर’ नाही, आणि आपल्या घरच्या अडचणी तर मुळीच नाहीत. अडचण सांगितली की हक्काची मागणी विनवणी होते. ‘कधी देणार?’ असंही विचारू नये, त्याचं उत्तर ‘लवकरच’ असं येतं. तारीख मागितली की तारीखच द्यावी लागते, आणि दिलेली तारीख चुकली की पुढचा फोन करायला संकोच वाटत नाही. पंधराव्या दिवशी काम थांबणार हे पहिल्या कागदातच लिहिलेलं असलं, तर तेव्हा ते रागाचं दिसत नाही.

उशिराच्या पैशांवर व्याज लावायची तरतूद बऱ्याच देशांच्या कायद्यांत आहे. पण तो मार्ग धरला की ते गिऱ्हाईक बहुधा गेलं, हे धरून चालावं.

एवढं करूनही काही बिलं बुडतात. ती वरच्या हिशेबात बुडीत बिलांसाठी धरलेल्या दहांत बसतात. बसत नसतील तर गिऱ्हाइकं निवडण्यात चूक आहे.

नोकरीच्या बाजूने, मनापासून

तीन गोष्टी स्वतःच्या कामात पैसे टाकूनही नीट मिळत नाहीत. एक, वरिष्ठाच्या खुर्चीमागे उभं राहून शिकणं. पहिल्या पाच वर्षांत हे ज्याला मिळालं नाही, तो आपल्या चुका गिऱ्हाइकाच्या पैशाने करतो. दोन, आकार. पूल, विमान किंवा मोठं इस्पितळ एकट्याने चालत नाही. ज्याला त्या मापाचं काम आवडतं त्याने नोकरीच करावी, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. तीन, लांबलेलं आजारपण. आठवडाभराचा ताप निभावतो. तीन महिन्यांचं अंथरूण विम्यानेही पुरतं भरून निघत नाही, कारण तोवर गिऱ्हाइकं पांगलेली असतात.

शिवाय कर्ज. सावकार कोणीही असो, त्याला दर महिन्याचा सारखा आकडा आवडतो. घराचं कर्ज काढायचं असेल तर ते पगाराच्या चिठ्ठ्या हातात असतानाच काढून घ्यावं, मग राजीनामा.

रिचर्ड कँटिलन या अर्थतज्ज्ञाचा अठराव्या शतकातला एक निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ मध्ये छापला गेला. त्यात त्याने राजा आणि जमीनमालक सोडून बाकी माणसांची सरळ दोन गटांत वाटणी केली होती: ठरलेल्या वेतनावर जगणारे आणि अनिश्चित मिळकतीवर जगणारे. दुसऱ्या गटात त्याने व्यापारी आणि कारागिरांबरोबर भिकारी आणि चोरही बसवले होते. स्वतःच्या कामाचा फार अभिमान वाटू लागला की ही पंगत आठवावी.

रजेचं पुढे काय होतं

स्वतःच्या कामात रजा कुणी नाकारत नाही आणि ‘बघू’ही म्हणत नाही. पण माणूस ती घेतच नाही. प्रत्येक रिकामा दिवस न आलेल्या पैशांच्या रूपात दिसू लागतो आणि दोन वर्षं सलग निघून जातात. म्हणून वरच्या हिशेबातले २६ दिवस खरोखर वापरायचे. तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा, गिऱ्हाइकांना तीन आठवडे आधी कळवा, आणि कुठलंही काम रजेच्या आदल्या दिवशी द्यायचं कबूल करू नका. दोन दिवस आधीचा वायदा करा, म्हणजे दुरुस्त्या सामानासोबत गाडीत बसणार नाहीत. कळवताना लिहायचं: ‘१० ते १८ मी कामावर नाही.’ ‘चालेल का?’ हे शेपूट जोडायची जुनी खोड जायला वेळ लागतो.

पगाराची सवय मात्र सोडू नये. सगळे पैसे एका खात्यात येऊ द्यावेत, कराचा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात टाकावा आणि एक तारखेला स्वतःला ठरलेली रक्कम पाठवावी. सुरुवातीला बारा महिन्यांच्या सरासरीच्या ७० टक्के पुरेत. चांगल्या महिन्यात आलेला मोठा आकडा घरखर्चात मिसळला की वाईट महिन्यात कमी काय करायचं, हे कुणालाच आठवत नाही.

उडी मारायचीच असेल तर

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. एवढा का, तर पहिल्या कामाला एक महिना, बिलाची मुदत ३० दिवस आणि अकाउंट्सची तारीख हुकली तर आणखी एक महिना. पहिलं काम पहिल्या दिवशी मिळालं तरी पूर्ण पैसे हातात यायला तीन महिने लागू शकतात. ॲडव्हान्सने हे बरंच आटोक्यात येतं, पण सुरुवातीला तो मागायची हिंमत नसते.

‘तू सुरू कर, काम आम्ही देऊ’ म्हणणारे दहा जण म्हणजे शून्य गिऱ्हाइकं. ज्यांनी एकदा तरी पैसे मोजले आहेत असे दोघे असले की पुरे. नेमणुकीचं पत्र काढून तीन कलमं वाचा: नोटीस किती दिवसांची, बाहेरचं काम करायला मनाई आहे का, आणि नोकरीत असताना बनवलेल्या गोष्टी कुणाच्या मालकीच्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःच्या धंद्याची एक ओळही लिहू नका; ती कुणाची हा वाद तिथूनच सुरू होतो. आणि पहिले तीन महिने बरे गेले म्हणून हुरळू नका. ती ओळखीपाळखीची कामं असतात. खरा कस त्यानंतर लागतो, ओळखीचे संपतात आणि अनोळखी अजून आलेले नसतात तेव्हा.

तरीही ठरत नसेल तर राजीनाम्याआधी एक महिना एवढंच करून पाहा. रजेचा एक अर्ज टाका, कारणाचा रकाना ‘खाजगी’ लिहून सोडा आणि उत्तर येईपर्यंत एकदाही विचारू नका. त्याच महिन्यात ज्याच्याकडे तुमचे पैसे अडकलेत अशा एकाला वरचा तीन ओळींचा निरोप, क्षमस्व न म्हणता, पाठवा. दोन्हीच्या पुढे तारखा लिहून ठेवा: कधी करायचं ठरवलं आणि प्रत्यक्षात कधी केलं.